‘ग्रीन थंब’ ते ‘कलर कॉम्प्युटर’ : एका व्हिडिओटेक्स टर्मिनलचा इतिहास

सारांश

इंटरनेटचा सार्वत्रिक प्रसार होण्यापूर्वी दूरध्वनी आणि घरातील दूरचित्रवाणी संच यांच्या साहाय्याने सामान्य माणसापर्यंत माहिती पोहोचविण्याचे अनेक प्रयत्न झाले. ‘व्हिडिओटेक्स’ या नावाने ते ओळखले जातात. अमेरिकेतील शेतकऱ्यांसाठी १९७७ च्या सुमारास हाती घेण्यात आलेला ‘ग्रीन थंब’ हा असाच एक प्रयत्न होय. शेतकऱ्याच्या घरी हवामान व बाजारभाव दाखविणाऱ्या या साध्या उपकरणाच्या तंत्रज्ञानातूनच पुढे ‘टीआरएस-८० कलर कॉम्प्युटर’ हा घरगुती संगणक १९८० मध्ये निर्माण झाला. टर्मिनल अल्पजीवी ठरले. त्याच साच्यात घडलेला संगणक मात्र सुमारे दशकभर बाजारात राहिला. या भिन्न परिणामांची तांत्रिक व सामाजिक कारणे प्रस्तुत लेखात तपासली आहेत.

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सांगताना सामान्यतः मोठ्या यंत्रांपासून व्यक्तिगत संगणकापर्यंतचा आणि तेथून इंटरनेटपर्यंतचा सरळ मार्ग दाखविला जातो. प्रत्यक्षात हा मार्ग इतका सरळ नव्हता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरात येऊ घातलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाविषयी दोन परस्परभिन्न कल्पना एकाच वेळी विकसित होत होत्या. पहिल्या कल्पनेनुसार घरातील उपकरण हे केवळ एक खिडकी होते : माहिती दूरच्या मोठ्या संगणकात राहील आणि ग्राहक ती पडद्यावर वाचेल. दुसऱ्या कल्पनेनुसार घरात स्वतंत्र संगणकच असेल आणि त्याचे काय करायचे हे ग्राहक स्वतः ठरवील. पहिली कल्पना दूरध्वनी संस्था, वृत्तपत्रे आणि शासकीय विस्तार सेवा यांना आकर्षक वाटत होती. दुसरी हौशी तंत्रज्ञ व छोट्या कंपन्या यांना.

या दोन्ही कल्पना एकाच विद्युत मंडलात, एकाच खोक्यात आणि एकाच वर्षी मूर्त झाल्याचे उदाहरण टँडी कॉर्पोरेशनच्या इतिहासात सापडते. म्हणूनच हे प्रकरण तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांप्रमाणेच ग्रंथालयशास्त्र, कृषी विस्तार, अर्थशास्त्र आणि संज्ञापन या विषयांच्या अध्यापकांनाही विचारात घेण्यासारखे आहे.

व्हिडिओटेक्स : संकल्पना व पार्श्वभूमी

व्हिडिओटेक्सची मूळ कल्पना ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या संशोधन विभागातील सॅम फेडिडा यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मांडली. दूरध्वनीचे जाळे घरोघरी होते; दूरचित्रवाणी संचही बहुतेक घरांत होता. या दोहोंना जोडणारे एक स्वस्त साधन दिले तर ग्राहकाला दूरच्या संगणकातील माहितीची पाने मागवून आपल्या पडद्यावर वाचता येतील, असा हा विचार होता. त्यावर आधारित ‘प्रेस्टेल’ ही सार्वजनिक सेवा ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये सुरू झाली. फ्रान्समध्ये ‘टेलेटेल’ या सेवेची आणि तिच्या ‘मिनिटेल’ या टर्मिनलची तयारी सुरू होती. कॅनडात ‘टेलिडॉन’ ही पद्धत विकसित होत होती.

या सर्व पद्धतींचा गाभा समान होता. माहिती ‘पानां’च्या स्वरूपात साठविलेली असे. प्रत्येक पानाला क्रमांक असे. ग्राहक अनुक्रमणिकेतून क्रमांक निवडून पान मागवी आणि ते त्याच्या पडद्यावर उमटे. प्रेस्टेलच्या पानावर ४० स्तंभ व २४ ओळी एवढीच जागा होती. लिहिणारा एक आणि वाचणारे अनेक, ही मुद्रित माध्यमाची रचना या नव्या माध्यमानेही बव्हंशी जशीच्या तशी स्वीकारली होती.

केंटकीतील प्रयोग

अमेरिकेत या कल्पनेला शेतीचे निमित्त मिळाले. हवामानाचा अंदाज, धान्य व पशुधन यांचे बाजारभाव, किडींविषयीचा इशारा ही माहिती शेतकऱ्याला वेळेवर मिळाली तरच तिचा उपयोग. नभोवाणीवरील वार्तापत्र ठरावीक वेळीच लागते. विस्तार कार्यालयाचे पत्रक टपालाने येईपर्यंत भाव बदललेले असतात. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेचे कृषी खाते, राष्ट्रीय हवामान सेवा आणि केंटकी विद्यापीठाची कृषी विस्तार सेवा यांनी मिळून ‘ग्रीन थंब’ हा प्रकल्प आखला. ज्याने लावलेले रोप हमखास जगते अशा माणसासाठी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या शब्दप्रयोगावरून हे नाव घेण्यात आले होते.

प्रयोगासाठी केंटकी राज्यातील शेल्बी व टॉड या दोन परगण्यांतील सुमारे २०० शेतकरी निवडण्यात आले आणि १९८० ते १९८१ या काळात ही चाचणी पार पडली. प्रत्येक परगण्याच्या ठिकाणी एक संगणक होता आणि तो विद्यापीठाच्या केंद्रीय संगणकाकडून अद्ययावत माहिती घेत असे. शेतकऱ्याच्या घरी कॅल्क्युलेटरसारख्या मोजक्या कळा असलेली एक पेटी होती. ती दूरध्वनी व दूरचित्रवाणी संच यांना जोडलेली असे. शेतकरी हव्या त्या पानांचे क्रमांक दाबी. पेटी परगण्याच्या संगणकाशी संपर्क साधून ती पाने आपल्या स्मृतीत उतरवून घेई आणि दूरध्वनीचा संपर्क लगेच तोडून टाकी. त्यानंतर ती पाने एकेक करून सावकाश वाचता येत.

ही ‘आधी उतरवा, मग वाचा’ पद्धत साधी वाटली तरी विचारपूर्वक केलेली होती. परगण्याच्या संगणकाला एका वेळी मोजक्याच दूरध्वनी जोडण्या सांभाळता येत होत्या. प्रत्येक शेतकरी वाचन संपेपर्यंत जोडणी अडवून बसला असता तर इतरांना सेवाच मिळाली नसती. शिवाय घरचा दूरध्वनी त्या काळात अडून राहत नसे.

प्रयोगाचे मूल्यमापन करण्यात आले तेव्हा शेतकऱ्यांनी सर्वाधिक पाहिलेली पाने हवामान आणि बाजारभाव यांची असल्याचे आढळले. यातून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. दिवसागणिक किंवा तासागणिक बदलणाऱ्या माहितीसाठी अशा साधनाची खरी गरज होती. सावकाश बदलणाऱ्या विस्तार शिक्षणाच्या मजकुरासाठी पुस्तिका पुरेशी होती. परंतु पेटीवर अक्षरांचा कळफलकच नसल्याने शेतकऱ्याला एखादा प्रश्न लिहून विचारणे, शेजाऱ्याला निरोप धाडणे किंवा मिळालेल्या भावावरून आपला हिशेब मांडणे यांपैकी काहीही शक्य नव्हते. माहिती त्याच्यापर्यंत येत होती. त्याच्याकडून काही जाण्याची वाट मात्र नव्हती.

चिपांची संख्या आणि किंमत

‘ग्रीन थंब’च्या टर्मिनलसाठी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील टँडी कॉर्पोरेशन आणि मोटोरोला कंपनीचा अर्धवाहक विभाग यांनी १९७७ च्या सुमारास एकत्र काम सुरू केले. टँडीकडे ‘रेडिओ शॅक’ या नावाने देशभर पसरलेली दुकाने होती आणि त्याच वर्षी तिने ५९९.९५ डॉलर किमतीचा ‘टीआरएस-८०’ हा संगणक बाजारात आणला होता. मोटोरोलाकडे चिपा बनविण्याचे कौशल्य होते.

पहिल्या नमुन्यात मोटोरोलाचा ६८०८ हा मायक्रोप्रोसेसर आणि ६८४७ ही चित्रनिर्मिती करणारी चिप वापरण्यात आली. नमुना चालला, पण त्यात चिपांची संख्या इतकी होती की, तो विक्रीयोग्य किमतीत बनविणे अशक्य होते. त्या काळातील उपकरणाची किंमत केवळ मुख्य प्रोसेसरवर अवलंबून नसे. स्मृती, पडदा आणि प्रोसेसर यांचा मेळ घालणाऱ्या अनेक लहान चिपा, त्यांच्यासाठी लागणारी मोठी पट्टी आणि जोडणीचे श्रम यांतच बराच खर्च जाई.

या अडचणीचे उत्तर मोटोरोलाने ६८८३ या नव्या चिपेच्या रूपाने दिले. तिचे कार्य समजण्यासाठी मूळ प्रश्न लक्षात घ्यावा लागतो. स्वस्त उपकरणात प्रोसेसर व पडदा यांना एकच स्मृती वापरावी लागते. प्रोसेसर तिच्यात लिहितो आणि चित्र बनविणारी चिप तीच स्मृती सतत वाचत राहते. दोघांनी एकाच क्षणी हात घातला तर चित्र बिघडते किंवा प्रोसेसरला थांबावे लागते. ६८८३ ने कालाच्या प्रत्येक आवर्तनाचे दोन भाग केले : एका अर्ध्या भागात स्मृती प्रोसेसरची, दुसऱ्या अर्ध्यात चित्राची. एकाच विहिरीवर दोन शेतांनी पाळीने पाणी घ्यावे, तशी ही व्यवस्था होती. कोणीही कोणाची वाट अडवीत नसे. स्मृतीतील विद्युतभार ठरावीक काळाने ताजा करण्याचे कामही हीच चिप करी.

कालमापनाचीही अशीच काटकसर होती. संपूर्ण यंत्राला सुमारे १४.३१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक पुरे. त्याला ४ ने भागले की अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीला लागणारी सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झची रंगवारंवारिता मिळे. १६ ने भागले की प्रोसेसरचा सुमारे ०.८९ मेगाहर्ट्झचा वेग मिळे.

याच सुमारास मोटोरोलाचा ६८०९ हा नवा प्रोसेसर उपलब्ध झाला. तो ८ बिटांचा असला तरी त्याच्या दोन नोंदवह्या एकत्र करून १६ बिटांची गणिते करता येत. त्यात गुणाकाराची स्वतंत्र आज्ञा होती, आणि स्मृतीत कोठेही ठेवली तरी चालेल अशी आज्ञावली लिहिण्याची सोय होती. बाजारभावाची पाने दाखविण्यासाठी एवढ्या सामर्थ्याची गरज नव्हती. पुढील घडामोडींचे बीज या अतिरिक्त सामर्थ्यातच होते.

टर्मिनलमधून संगणक

६८०९, ६८४७ आणि ६८८३ या तीन चिपांभोवती उभे राहिलेले टर्मिनल शेतीच्या बाजारपेठेसाठी ‘अ‍ॅगव्हिजन’ या नावाने आणि रेडिओ शॅकच्या दुकानांतून ‘टीआरएस-८० व्हिडिओटेक्स’ या नावाने १९८० च्या सुमारास विक्रीस आले. केंटकीतील पेटीपेक्षा ते पुढारलेले होते : त्याला अक्षरांचा कळफलक होता आणि मोडेम आतच बसविलेला होता. त्याच्या साहाय्याने कॉम्प्युसर्व्हसारख्या सेवांशी संपर्क साधता येई. १९८० च्या जुलैत ‘कोलंबस डिस्पॅच’ हे ओहायोतील वृत्तपत्र याच सेवेवरून वाचकांना उपलब्ध झाले होते.

मात्र वेग अत्यल्प होता. सेकंदाला ३०० बिट म्हणजे साधारण ३० अक्षरे. पडद्यावर ३२ स्तंभ व १६ ओळी, म्हणजे एकूण ५१२ अक्षरे मावत. एक पडदा पूर्ण भरण्यास १७ सेकंद लागत. वृत्तपत्राचा एक मध्यम लेख वाचण्यासाठी दूरध्वनी व सेवा या दोहोंचे शुल्क मिनिटामिनिटाने वाढत असताना ग्राहकाला पडद्याकडे पाहत बसावे लागे.

टर्मिनलमध्ये सर्वसाधारण संगणकाचे जवळजवळ सर्व घटक आहेत हे टँडीच्या तंत्रज्ञांच्या लक्षात आले होते. आतील मोडेम काढला. त्याऐवजी कॅसेट रेकॉर्डर, जॉयस्टिक व अनुक्रमी जोडणी यांच्यासाठी जागा केली. उजव्या बाजूस आज्ञावलीची कार्ट्रिज खोचण्याची खाच दिली. आणि मायक्रोसॉफ्टची बेसिक भाषा स्थायी स्मृतीत बसविली. ३१ जुलै १९८० रोजी ‘टीआरएस-८० कलर कॉम्प्युटर’ची घोषणा झाली. ४ किलोबाइट स्मृतीसह त्याची किंमत ३९९ डॉलर होती. खोके, कळफलक आणि मांडणी टर्मिनलचीच होती. टर्मिनलच्या खोक्यावर संदेशवहन चालू असल्याचे दाखविणाऱ्या दिव्यासाठी एक छिद्र होते. संगणकात तो दिवा नव्हता. म्हणून त्या छिद्रावर स्मृतीची क्षमता सांगणारे एक छोटे बिल्ले बसविण्यात आले. दोन उपकरणांचे नाते सांगणारी ही सर्वांत ठळक खूण होय.

टर्मिनलच्या वारशाने या संगणकाला काही मर्यादाही दिल्या. ६८४७ ही चिप लहान लिपीतील अक्षरे दाखवू शकत नसे. त्यांच्या जागी उलट्या रंगातील मोठी अक्षरे दिसत. ३२ स्तंभांत पत्रलेखन किंवा हिशेबाचे तक्ते करणे गैरसोयीचे होते. कळा कॅल्क्युलेटरसारख्या, सुट्या सुट्या होत्या. चित्राच्या बाबतीत २५६ × १९२ बिंदूंपर्यंत मजल जाई. पण प्रत्येक बिंदूला एक बिट धरल्यास त्यासाठी ६ किलोबाइट स्मृती लागते. म्हणजे ४ किलोबाइटच्या मूळ संगणकाला स्वतःच्याच चिपेची पूर्ण क्षमता वापरता येत नव्हती. १९८१ मध्ये आलेल्या विस्तारित बेसिक भाषेसाठी १६ किलोबाइट स्मृती आवश्यक ठरली.

वापरकर्त्यांनी घडविलेले यंत्र

या मर्यादांना न जुमानता हा संगणक टिकला, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्याच्या वापरकर्त्यांना जाते. १९८१ मध्ये लॉनी फॉक यांनी ‘द रेनबो’ हे केवळ या संगणकाला वाहिलेले मासिक सुरू केले. सुरुवातीला काही पानांचे असलेले हे प्रकाशन पुढे जाडजूड मासिक झाले आणि १९९३ पर्यंत चालले. वाचकांनी लिहिलेल्या आज्ञावली त्यात छापल्या जात. इतर वाचक त्या ओळीमागून ओळ स्वतः टंकून घेत आणि त्यात सुधारणा सुचवीत.

यंत्रातील अनुक्त शक्यताही वापरकर्त्यांनीच शोधून काढल्या. बेसिक भाषेतील एका छोट्या आज्ञेने ६८८३ या चिपेतील एक खूण बदलली की स्थायी स्मृतीतील आज्ञावली दुप्पट वेगाने चाले आणि चित्रही शाबूत राही. सर्वच संगणकांना हा वेग सोसत नसे. तरीही ही युक्ती सर्वत्र पसरली. सर्वांत स्पष्ट चित्राच्या प्रकारात वास्तविक दोनच रंग मिळत. परंतु अमेरिकी दूरचित्रवाणीच्या रंगपद्धतीत शेजारशेजारचे बिंदू परस्परांत मिसळून तांबडा व निळा असे आभासी रंग निर्माण होतात. खेळ लिहिणाऱ्यांनी या दोषाचेच भांडवल केले.

शिवाय, ६८०९ साठी आयोवातील मायक्रोवेअर या कंपनीने तयार केलेली ‘ओएस-९’ ही कार्यप्रणाली १९८३ मध्ये या संगणकावर उपलब्ध झाली. एकाच वेळी अनेक कामे आणि अनेक वापरकर्ते हाताळण्याची सोय तीत होती. शेतकऱ्याला हवामान दाखविण्यासाठी आखलेल्या मंडलावर ही प्रणाली चालू शकली, कारण यंत्र प्रोग्रॅम करण्यास खुले होते.

टँडीने १९८३ मध्ये दुसरी आणि १९८६ मध्ये तिसरी आवृत्ती आणली. तिसरीत १२८ किलोबाइट स्मृती आणि ८० स्तंभांची सोय होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी या संगणकाची विक्री थांबली. त्यानंतरही शिकागो परिसरात त्याच्या चाहत्यांचे मेळावे भरत राहिले. त्यांच्या नावात ‘अखेरचा’ हा शब्द असूनही ते पुनःपुन्हा भरत राहिले, ही बाब बोलकी आहे.

मोटोरोलाच्या त्याच चिपा इतरांनाही खुल्या होत्या. वेल्समध्ये मेटॉय या खेळणी बनविणाऱ्या कंपनीच्या पुढाकाराने १९८२ मध्ये ‘ड्रॅगन ३२’ हा संगणक निघाला. त्याची मूलभूत रचना टँडीच्या संगणकाशी इतकी जुळणारी होती की, बेसिकमध्ये लिहिलेल्या पुष्कळ आज्ञावली अल्प फेरफाराने दोन्हींवर चालत. मात्र ड्रॅगन डेटा ही कंपनी १९८४ मध्ये आर्थिक संकटात सापडून प्रशासकाच्या ताब्यात गेली.

व्हिडिओटेक्सचे भवितव्य

टर्मिनलची कथा लवकर संपली. ३९९ डॉलरमध्ये केवळ वाचणारे टर्मिनल घ्यायचे की तेवढ्याच किमतीत संगणक घेऊन पुढे त्याला वेगळा मोडेम जोडायचा, या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाला कठीण नव्हते. इतर अमेरिकी सेवांचा अनुभवही निराशाजनक ठरला. नाइट-रिडर या वृत्तपत्रसमूहाने १९८३ मध्ये फ्लोरिडात सुरू केलेली ‘व्ह्यूट्रॉन’ सेवा सुमारे ५ कोटी डॉलर गमावून १९८६ मध्ये बंद झाली. तिच्यासाठी आरंभी ग्राहकाला शेकडो डॉलरचे स्वतंत्र टर्मिनल विकत घ्यावे लागत होते.

फ्रान्सचे उदाहरण याच्या उलट आहे. तेथे दूरध्वनी प्रशासनाने मिनिटेल टर्मिनल ग्राहकांना विनामूल्य दिले आणि छापील निर्देशिकेऐवजी इलेक्ट्रॉनिक निर्देशिकेचा आग्रह धरला. टर्मिनलला प्रारंभापासून अक्षरांचा कळफलक होता. स्ट्रासबूर्ग येथील ‘ग्रेटेल’ या सेवेवर वापरकर्त्यांनी परस्परांना निरोप पाठविण्याची वाट शोधली. बातम्यांपेक्षा हे संभाषणच अधिक लोकप्रिय झाले आणि इतर सेवांनी ते उचलले. मिनिटेल ३० जून २०१२ पर्यंत चालू राहिले. म्हणजे टर्मिनल हा प्रकार मुळातच अपयशी होता असे म्हणता येत नाही. किंमत ग्राहकावर पडली नाही आणि ग्राहकाला लिहिण्याची मुभा मिळाली, तेथे तो टिकला.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. ‘ग्रीन थंब’ प्रकल्पाने शेतकऱ्याची गरज अचूक ओळखली होती. हवामान आणि भाव यांची तातडी खरी होती व वापरानेही ती सिद्ध केली. त्याची उणीव गरजेच्या निदानात नव्हती. शेतकऱ्याला केवळ वाचक मानणाऱ्या उपकरणाच्या रचनेत होती.

२. उपकरण स्वस्त करण्यासाठी केलेले तांत्रिक बदल, विशेषतः ६८८३ चिपेची निर्मिती आणि ६८०९ ची निवड, हेच मूळ हेतूच्या पलीकडे जाणारे ठरले. तंत्रज्ञानाचा परिणाम त्याच्या उद्दिष्टपत्रिकेवरून पूर्णपणे सांगता येत नाही, हे यावरून दिसते.

३. एकाच पट्टीवर बनलेल्या दोन उपकरणांपैकी बंदिस्त उपकरण विस्मृतीत गेले आणि खुले उपकरण मूळ निर्मात्यांनी योजलेही नव्हते अशा कामांसाठी वापरले गेले. त्यांतील मुख्य भेद प्रोसेसरच्या गतीचा नव्हता. वापरकर्त्याला काय करता येईल हे कोणी ठरवायचे, याचा होता.

या इतिहासाला एक विसंगतीची किनारही आहे. ज्या शेतकऱ्यांच्या निमित्ताने हे तंत्रज्ञान जन्मास आले, त्यांच्यापैकी शेल्बी व टॉड येथील कुटुंबांच्या वाट्याला मोजक्या कळांची पेटी आली. त्याच तंत्रज्ञानाचे खुले रूप मात्र शहरांतील दुकानांतून हौशी ग्राहकांकडे गेले. माहिती पोहोचविण्याच्या कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना किती पाने पाहिली गेली एवढेच मोजणे त्यामुळे अपुरे ठरते. ज्याच्यासाठी योजना आखली, त्याला त्या साधनाने उत्तर देता येते का, आणि त्या साधनाचा स्वतःच्या कामासाठी नवा उपयोग शोधता येतो का, हे दोन प्रश्न त्याच नोंदवहीत घ्यावे लागतात.